शंभरातलं एक : डी. एल. मूडी आणि १८६० चं साल

आजचा शास्त्रभाग : मत्तय १८:१०-१४



आजचा भाग आपण संडेस्कूलमध्ये असल्यापासून ऐकत आलोय. एका माणसाची शंभर मेंढरं आहेत, त्यातलं एक भटकतं, आणि तो बाकीची नव्याण्णव डोंगरावर सोडून त्या एकाच्या शोधात निघतो. हाच दाखला लूकच्या १५ व्या अध्यायातही आहे. पण मत्तयमध्ये तो कुठे येतो ते बघा. अध्यायाच्या सुरुवातीला प्रभूने एका लेकराला जवळ बोलावून शिष्यांच्या मधोमध उभं केलंय. लहानांना तुच्छ लेखू नका असं तो बजावतो आणि मग हा दाखला सांगतो. शेवटी तो म्हणतो की या लहानांपैकी एकाचाही नाश व्हावा अशी स्वर्गातल्या पित्याची इच्छा नाही.

शंभरातली नव्याण्णव सुखरूप आहेत. आमच्या ऑफिसच्या कुठल्याही डॅशबोर्डवर हे टाकलं तर रंग हिरवाच येईल, आणि मीटिंगमध्ये कोणी प्रश्नसुद्धा विचारणार नाही. प्रभूच्या हिशेबात मात्र ते एक मेंढरू मागे पडत नाही.

आज ज्यांच्याबद्दल लिहितोय ते डी. एल. मूडी. हे नाव घेतलं की आपल्या डोळ्यांपुढे हजारोंच्या सभा येतात. पण या माणसाची सेवा सुरू झाली ती मुलांच्या संडेस्कूलमधून, आणि त्याच्या आयुष्याला वळण लागलं तेही तिथेच, एका विशिष्ट वर्षी. त्या वेळी तो २३ वर्षांचा होता. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्याच वयाचा, म्हणून तिथपर्यंत मी त्याला ‘तो’च म्हणणार आहे.

नॉर्थफील्डचं घर

ड्वाइट लायमन मूडीचा जन्म ५ फेब्रुवारी १८३७ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, नॉर्थफील्ड नावाच्या गावात झाला. वडील एडविन गवंडीकाम करायचे. ड्वाइट चार वर्षांचा असताना ते अचानक वारले. घरावर कर्ज होतं. देणेकऱ्यांनी घरातलं जे नेता येईल ते नेलं, जळणाची लाकडंसुद्धा सोडली नाहीत. आई बेट्सी तेव्हा गरोदर होती. महिनाभरात तिला जुळं झालं आणि पदरात एकूण नऊ मुलं झाली.

शेजारपाजारच्यांनी मुलं वाटून घेऊ असा सल्ला दिला, पण त्या माउलीने घर मोडू दिलं नाही. गावातल्या चर्चचे पाळक या कुटुंबाच्या पाठीशी उभे राहिले आणि त्यांनी मुलांना संडेस्कूलला यायला लावलं. ड्वाइटचं शिक्षण मात्र जेमतेमच झालं. त्याचं लिहिणं आयुष्यभर अशुद्ध राहिलं, आणि बोलण्यातलं व्याकरण ऐकून शिकलेली माणसं पुढेही नाकं मुरडायची.

बुटांच्या दुकानाचं मागचं दालन

१७ व्या वर्षी, १८५४ मध्ये, तो नशीब काढायला बॉस्टनला गेला. नोकरी मिळेना, म्हणून शेवटी मामाच्या बुटांच्या दुकानात विचारलं. मामाने घेतलं, पण अटी घातल्या. रात्री रस्त्यावर भटकायचं नाही, आणि दर रविवारी माउंट व्हर्नन चर्चच्या उपासनेला व संडेस्कूलला जायचं. म्हणजे तो चर्चला गेला तो नोकरी टिकवायला. विश्वासाचा तिथे काही संबंध नव्हता.

त्याला मिळालेल्या वर्गाचे शिक्षक होते एडवर्ड किंबल. पहिल्याच रविवारी त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानातला भाग काढायला सांगितला. हा पठ्ठ्या उत्पत्तीपासून पानं उलटायला लागला. बाकीची मुलं, सगळी शिकलेल्या घरातली, एकमेकांना कोपरखळ्या मारून हसू लागली. किंबल यांनी एक शब्दही न बोलता आपलं स्वतःचं पवित्र शास्त्र, तो भाग उघडलेलं, त्याच्या हातात दिलं आणि त्याचं आपल्याकडे घेतलं. त्या दिवशी त्याची लाज त्यांनी झाकली. हे ड्वाइट कधीच विसरला नाही.

पुढे वर्षभर तो वर्गात येत राहिला. धडे ऐकले, पण आत काही उतरल्याचं दिसेना. किंबल यांना ते टोचत होतं. २१ एप्रिल १८५५ रोजी, शनिवारी, ते त्याला भेटायला थेट दुकानाकडे निघाले. वाटेत त्यांचं मन डळमळलं. कामाच्या वेळेत गेलो तर पोराला अवघडल्यासारखं होईल, दुकानातली बाकीची पोरं त्याला चिडवतील. या विचारात ते दुकान ओलांडून पुढेही गेले. मग मागे फिरले आणि एका दमात आत शिरले. ड्वाइट मागच्या दालनात बूट बांधून फळीवर ठेवत होता. किंबल यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ख्रिस्ताच्या प्रीतीबद्दल चार साधी वाक्यं सांगितली. आपण फारच कच्चं बोललो असं त्यांना नंतरही वाटत राहिलं. पण त्या मागच्या दालनात, बुटांच्या खोक्यांमध्ये, ड्वाइटने आपलं जीवन प्रभूला दिलं.

पुढच्या महिन्यात त्याने चर्चचं सभासदत्व मागितलं, तर वडीलमंडळींनी थांबवलं. ख्रिस्ताने तुझ्यासाठी काय केलं, याचं धड उत्तर त्याला देता आलं नव्हतं. तोंडात शब्दच नव्हते. सभासद व्हायला जवळजवळ वर्ष गेलं.

चार बाकं आणि अठरा पोरं

सप्टेंबर १८५६ मध्ये तो शिकागोला गेला. हे शहर तेव्हा भरभर वाढत होतं. १८५० मध्ये लोकसंख्या ३० हजारांच्या आसपास होती, १८६० मध्ये ती १ लाख १२ हजारांवर गेली. आपल्या हिंजवडी-खराडीसारखंच समजा, कामासाठी एकटी आलेली तरुण पोरं सगळीकडे. ड्वाइटला पुन्हा बुटांच्याच दुकानात काम मिळालं, आणि विक्रीत तर तो हिराच होता.

त्या काळी चर्चमधली बाकं भाड्याने घ्यायची पद्धत होती. कुटुंबं आपापलं बाक धरायची. या १९ वर्षांच्या एकट्या पोराने एक बाक भाड्याने घेतलं, आणि रविवारी सकाळी खानावळीतून, रस्त्याच्या कोपऱ्यावरून भेटतील ती तरुण पोरं आणून ते भरलं. मग आणखी बाकं घेतली, चारपर्यंत. सभेत बोलायची त्याला मनाई नव्हती, पण बोलू नये अशी सूचना हळूच मिळायची. मग जे येतं ते करू, म्हणून तो माणसं आणत राहिला.

एके दिवशी तो वेल्स स्ट्रीटवरच्या एका लहान संडेस्कूलमध्ये गेला आणि मला शिकवायला वर्ग द्या म्हणाला. तिथे मुलांइतकेच शिक्षक झाले होते. वर्ग हवा असेल तर मुलं तूच आण, असं उत्तर मिळालं. पुढच्या रविवारी तो गल्लीबोळातली अठरा पोरं घेऊन हजर. अनवाणी, फाटके कपडे, धुळीने माखलेली. ती त्याने इतर शिक्षकांकडे सोपवली आणि पुन्हा पोरं शोधायला बाहेर पडला. आपल्याला शिकवता येईल असं त्याला वाटतच नव्हतं.

बाजाराच्या हॉलमधली शाळा

१८५८ च्या सुमाराला त्याने शहराच्या उत्तर भागातल्या झोपडवस्तीत स्वतःची संडेस्कूल सुरू केली. या वस्तीत दारूचे गुत्ते होते, जुगार होता आणि परदेशांतून आलेली गरीब कुटुंबं राहायची. मुलं दिवसभर रस्त्यावर. पहिली जागा म्हणजे एक बंद पडलेला गुत्ता. पुढे मुलं मावेनात, तेव्हा नॉर्थ मार्केट हॉल मिळाला. हा बाजारावरचा मोठा हॉल. शनिवारी रात्री तिथे नाचगाणी आणि बिअर चालायची. रविवारी सकाळी ड्वाइट लवकर येऊन बिअरची पिंपं बाहेर ढकलायचा, भुसा झाडायचा, आणि दुपारी तिथे मुलं भरायची.

पोरांना आणायच्या त्याच्या युक्त्या अगदी रस्त्यावरच्या होत्या. खिशात मेपलची साखर भरलेली असायची. एक तट्टू घेतलं होतं, त्याच्यावर पोरांना बसवून वस्तीतून फिरवायचा. लोक त्याला वेडा मूडी म्हणायचे. जॉन फारवेल नावाचे मोठे कापडव्यापारी एकदा शाळा बघायला आले. ड्वाइटने त्यांना दोन शब्द बोलायला लावले आणि लगेच मुलांपुढे त्यांचं नाव अधीक्षक म्हणून मांडलं. मुलांनी एकमुखाने ओरडून होकार दिला. फारवेल यांना नाही म्हणायला वेळच मिळाला नाही! ते पुढे कित्येक वर्षं या कामाचा आधार बनले.

हजेरी वाढत गेली. शेकड्यांची हजार झाली, आणि काही रविवारी दीड हजारापर्यंत गेली.

इथे थोडं थांबू या. बाहेरून बघणाऱ्याला हे मोठं यशच वाटलं असतं. पण मूडींनी स्वतःच पुढे आयुष्यभर या काळाबद्दल प्रामाणिकपणे सांगितलं. हजेरी हजाराच्या खाली आली की त्याला झोप लागायची नाही, बाराशे-पंधराशे झाली की तो खूश. सगळं लक्ष आकड्यावर. आणि या गर्दीतून प्रभूकडे खरोखर वळलेलं मूल शोधायला गेलं तर हाताला कोणी लागत नव्हतं. शेत मोठं झालं होतं, पीक नव्हतं.

१८६० चा जून

त्या शाळेत मुलींचा एक वर्ग होता. अतिशय दांडगा. एका रविवारी त्यांचे शिक्षक आजारी होते म्हणून ड्वाइटने तो वर्ग घेतला. मुली त्याच्या तोंडावर हसल्या. दार उघडून यांना कायमचं बाहेर काढावं असं त्याला वाटलं.

त्याच आठवड्यात ते शिक्षक दुकानात आले. चेहरा पांढराफटक, चालायची ताकद नाही. फुप्फुसातून पुन्हा रक्त पडलं होतं, आणि डॉक्टरांनी आता शिकागोत राहू नका म्हणून सांगितलं होतं. ते मरायला आईकडे, न्यूयॉर्क राज्यात परत निघाले होते. पण मरणापेक्षा वेगळीच गोष्ट त्यांना खात होती. आपल्या वर्गातली एकही मुलगी आपण ख्रिस्ताकडे आणली नाही, उलट आपण त्यांचं नुकसानच केलं की काय, असं त्यांना वाटत होतं.

ड्वाइटने असं बोलणं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. ज्या मुलींना त्याला हाकलायचं होतं, त्यांच्यासाठी हा मरणाच्या दारातला माणूस रडत होता. तू प्रत्येकीच्या घरी जाऊन हे सांग ना, मी येतो सोबत, असं त्याने सुचवलं आणि घोडागाडी आणली. पहिल्या घरी शिक्षकांनी त्या मुलीला तिच्या आत्म्याबद्दल विचारलं. आज हसू नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी प्रार्थना केली, आणि ड्वाइटलाही करायला सांगितली. आत्ताच्या आत्ता या मुलीला वाचव, अशी प्रार्थना त्याने याआधी कधी केली नव्हती. देवाने ती ऐकली.

मग दुसरं घर, तिसरं घर. शिक्षक दमले की त्या दिवसापुरतं थांबायचं, पुढे पुन्हा निघायचं. जिने चढताना त्यांना धाप लागायची. दहा दिवस हे चाललं. दहा दिवसांनी ते पुन्हा दुकानात आले, तेव्हा चेहरा उजळलेला होता. शेवटची मुलगीही प्रभूकडे आली होती. आपलं काम झालं, आता घरी जातो, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते निघणार होते, म्हणून त्या संध्याकाळी ड्वाइटने सगळ्या मुलींना एकत्र बोलावलं. शिक्षक मध्ये बसले, बोलले, प्रार्थना केली. ड्वाइट उठणार, तेवढ्यात एका मुलीने आपल्या शिक्षकांसाठी प्रार्थना सुरू केली. मग दुसरीने, मग तिसरीने, एकेक करून सगळ्यांनी. या अशाच मुली होत्या ज्यांनी याआधी कधी मोठ्याने प्रार्थना केली नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, कोणी बोलावलं नसताना, त्या सगळ्या स्टेशनवर निरोपाला आल्या. गाडी हलली तेव्हा शिक्षक शेवटच्या डब्याच्या दारात उभे होते आणि हात वर करून आकाशाकडे दाखवत होते. आपण तिथे भेटू.

ड्वाइट दुकानात परतला, पण धंद्यातली चव गेली होती. तोपर्यंत त्याने सुमारे ७,००० डॉलर साठवले होते आणि लाख डॉलर कमवायचं ठरवलं होतं. कमिशनमधून वर्षाला मोठी कमाई होत होती. बरेच दिवस त्याची आत झुंज चालली. शेवटी त्याच वर्षी त्याने नोकरी सोडली. पगार नाही, पाठीशी संस्था नाही. साठवलेल्या पैशांवर, चीज आणि बिस्किटं खाऊन, कधी वायएमसीएच्या खोलीत बाकड्यावर झोपून त्याने दिवस काढले.

त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला, नुकतेच राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेले अब्राहम लिंकन ही संडेस्कूल बघायला आले. वार्षिक अहवाल लिहायचा झाला असता तर फोटो आणि मथळा याच भेटीला मिळाला असता. पण मूडी पुढची ३९ वर्षं वळणाचा प्रसंग म्हणून जे सांगत राहिले, ते ते दहा दिवस होते.

पुढची वाटचाल

१८६२ मध्ये मूडींचं एमा रेव्हेल यांच्याशी लग्न झालं. त्याही संडेस्कूलच्याच शिक्षिका. मुलं मोठी झाली, त्यांचे आईवडील येऊ लागले, पण शहरातल्या चर्चमध्ये या लोकांना परकं वाटायचं. म्हणून १८६४ मध्ये इलिनॉय स्ट्रीटवर त्यांच्यासाठी चर्च उभं राहिलं. तीच मंडळी आज मूडी चर्च म्हणून ओळखली जाते. म्हणजे इथे चर्चने संडेस्कूल काढली नाही, संडेस्कूलमधून चर्च जन्मलं.

१८७१ च्या ऑक्टोबरमध्ये शिकागोच्या मोठ्या आगीत ते चर्च आणि मूडींचं घर दोन्ही जळालं. १८७३ ते १८७५ या काळात, गायक आयरा सँकी यांच्यासोबत, ब्रिटनमध्ये त्यांच्या मोठ्या सभा झाल्या. १८७९ मध्ये त्यांनी नॉर्थफील्डला गरीब मुलींसाठी शाळा काढली, १८८१ मध्ये माउंट हर्मनला मुलांसाठी. स्वतःला न मिळालेलं शिक्षण त्यांनी इतरांच्या लेकरांना दिलं. पाळकपदाची दीक्षा त्यांनी शेवटपर्यंत घेतली नाही.

याच माउंट हर्मनला १८८६ च्या उन्हाळ्यात अडीचशेच्या आसपास कॉलेज विद्यार्थ्यांचं शिबिर भरलं. शेवटाला त्यातल्या शंभर जणांनी मिशनरी म्हणून जायची तयारी दाखवली. या हालचालीमागे प्रार्थनेने झटणारा एक तरुण होता, रॉबर्ट वायल्डर. त्याचा जन्म कुठला, माहितीये? आपल्या कोल्हापूरचा, १८६३ चा. त्याचे वडील रॉयल वायल्डर यांनी तिथे कित्येक वर्षं सेवा केली. रॉबर्टही पुढे भारतात येऊन विद्यार्थ्यांमध्ये राबला. बॉस्टनच्या दुकानातल्या त्या एका मुलापासून निघालेली वाट कोल्हापूरच्या मुलाला अशी येऊन मिळाली.

आणि किंबल? बऱ्याच वर्षांनी एका सभेनंतर एक तरुण मूडींना भेटायला आला. तो किंबल यांचाच मुलगा होता. मूडींनी त्याच्याशी बसून बोलणं केलं आणि त्याला प्रभूकडे आणलं. ज्याने खांद्यावर हात ठेवला होता, त्याच्या लेकराच्या खांद्यावर हात ठेवायची संधी देवाने त्यांना दिली.

२२ डिसेंबर १८९९ रोजी, नॉर्थफील्डमध्येच, मूडी प्रभूकडे गेले.

मनन

आपल्यापैकी बरेच जण संडेस्कूलमध्ये शिकवतात, युथ फेलोशिप चालवतात. आपलं वर्षही ठरलेलं असतं. मे महिन्यात व्हीबीएस, मग रिट्रीट, डिसेंबरात ख्रिसमसचा कार्यक्रम. वर्षाअखेर अहवालात किती मुलं आली ते लिहितो.

मोजणं चुकीचं नाही. दाखल्यातल्या मेंढपाळानेही मोजलंच असणार, नाहीतर एक कमी आहे हे त्याला कळलं कसं? मूडींनीही १८६० नंतर मुलं गोळा करणं थांबवलं नाही. पण मेंढपाळ नव्याण्णववर समाधान मानून रजिस्टर बंद करत नाही. कमी पडलेल्या एका आकड्यामागे त्याला मेंढरू दिसतं, आणि तो काठी घेऊन उठतो. किंबल दुकानात गेले. ते आजारी शिक्षक जिने चढले. दोघांनाही चांगलं बोलता येत नव्हतं, एकाकडे तर श्वासही पुरत नव्हता. दोघांनी केलं ते एवढंच की ते एकेका मुलाकडे चालत गेले.

आणखी एक. कदाचित तुमच्या वर्गात असं एक पोरगं असेल जे सगळ्यांना छळतं, ज्याला बाहेर काढावंसं वाटतं. ड्वाइटलाही त्या मुलींबद्दल तसंच वाटलं होतं. त्याच आठवड्यात दुसरा कोणीतरी त्यांच्यासाठी रडत होता.

या आठवड्यासाठी एक छोटी गोष्ट. तुमच्या वर्गाची किंवा ग्रुपची यादी काढा. महिनाभर न दिसलेलं एक नाव बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड पाठवू नका. त्याच्या नावाने रोज प्रार्थना करा, आणि घरच्यांना विचारून शनिवारी त्याला भेटून या. काय बोलायचं ते नीट सुचलं नाही तरी चालेल.

प्रार्थना

प्रभू येशू, चांगल्या मेंढपाळा, तू मला शोधत आलास तेव्हा मी गर्दीतला एक आकडा नव्हतो. ज्यांनी माझ्या लहानपणी माझं नाव घेऊन प्रार्थना केली, त्या संडेस्कूलच्या शिक्षकांसाठी तुझे आभार. आमच्या मंडळीतल्या मुलांना आणि तरुणांना आम्ही मोजावं, पण त्याहून जास्त ओळखावं, असं कर. जे एक हरवलंय त्याचं नाव आज आमच्या मनात घाल, आणि उठून जायची हिंमत दे. तुझ्याच नावात मागतो. आमेन.